घरात कोण कोण राहतं

जे. एम. जे.

इनिसफेल,
१९ ऑक्टोबर

ती. इमेल्डाताईस,
कार्मेलचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

कॉन्व्हेंटमधली शुक्रवारची दुपार तुला आठवते का गं? शिवणाच्या तासाला आपण खिडकीशेजारच्या बाकावर बसायचो. माझ्या लग्नाच्या पेटीसाठी उशीचे दोन अभ्रे भरायला घेतले होते आणि माझा हात जड, म्हणून सिस्टर बेनिग्नसची पाठ वळली की तू ते माझ्याकडून ओढून घ्यायचीस. त्यातच एकदा सुई तुझ्या बोटात गेली आणि पांढऱ्या कापडावर रक्ताचा थेंब पडला. तू रडवेली झालीस. मी त्या डागावर लाल दोऱ्याने बॉटलब्रशचं फूल भरलं, अगदी वेडंवाकडं, कोपरा सोडून भलत्याच ठिकाणी. सिस्टरांनी ते फूल बराच वेळ पाहिलं आणि पुढे गेल्या. आज कपाटात घराचे कागद शोधताना त्या जोडीतला साधा अभ्रा हाती लागला. फुलाचा काही सापडत नाही. कित्येक वर्षांत तो पाहिल्याचं आठवत नाही.

कागद शोधायचं कारण असं की मला विधवा करून डेस गेला त्याला पाच महिने झाले, पण घराचा विमा त्याच्याच नावावर होता आणि त्याची मुदत ३० नोव्हेंबरला संपते. इतकी वर्षं एजंट बसानी यायचे, चहा प्यायचे, मी भाजलेले भोपळ्याचे स्कोन बांधून न्यायचे आणि विमा आपोआप पुढे चालायचा. ते आता निवृत्त झाले. ब्रिस्बेनहून फॉर्म आला, डेसच्या जुन्या कागदांवरून अर्धा भरलेला, उरलेला मी भरायचा. पानंच्या पानं प्रश्न. छप्पर कशाचं, खांब कशाचे, कुलपं किती. तिथवर ठीक होतं. मग आलं, घरात सरपटणारे प्राणी ठेवले आहेत काय, असल्यास संख्या लिहा.

बसानींनी हे कधी विचारलं नव्हतं. डेसच्या खोलीत त्याची अजगर, मदर, त्यांच्या खुर्चीमागेच असायची, पण ती काचपेटीत गप्प पडून राहते, आणि बसानी स्कोनकडे बघत असायचे. मी विचार करकरून लिहिलं: अजगराची मादी एक, सात फूट. निळ्या जिभेचा सरडा एक, नाव बिशप. कासव एक, धुण्याच्या टाकीत. मग हात थांबला. पालींचं काय? स्वयंपाकघरात मी अकरा मोजल्या आहेत. त्या ठेवलेल्या नाहीत, आपणहून राहायला आलेल्या आहेत, पण सरपटतात तर खऱ्याच. म्हणून खाली लिहिलं, पाली अकरा, इतर खोल्यांत मोजलेल्या नाहीत. पुढे होतं, कुणाला चावले आहेत का. लिहिलं की बिशपने एकदा पाद्री साहेबांच्या बुटाची नाडी गिळली होती, ती परत मिळाली.

काल पोस्टात टाकला. वादळांचे दिवस तोंडावर आले आहेत आणि हे घर म्हणजे माझं सगळं आहे. छप्पर उडालं आणि विमा नसला तर मी ते दुसऱ्यांदा उभं करू शकणार नाही. पण डेसची जनावरं दुसऱ्याच्या दारात सोडून यायचं धैर्यही माझ्यात नाही. फोन केला असता, पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, तेव्हा आपलं हेच बरं. 

तुझा लोभ माझ्या वाट्याचा आहे, तो तसाच चालू दे.

तुझी,
कार्मेल

•

बॅलरॅट,
२६ ऑक्टोबर

चि. कार्मेल हीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. अकरा पाली! अगं, विमा कंपनीला पत्र लिहीत होतीस की पापाची कबुली देत होतीस? प्रश्न विचारणाऱ्याला एवढं उत्तर नको असतं. त्याला हो किंवा नाही हवं असतं, आणि खरं तर नाहीच हवं असतं. तिथे एक भोपळा काढला असतास तर संपलं असतं. पाप लागलं तर माझ्या नावावर टाक. माझं खातं तसंही भरलेलं आहे.

क्लेअरला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. माझी ही लेक सहसा हसत नाही, पण बुटाच्या नाडीपाशी तिला खुर्ची धरावी लागली. मग तिने विचारलं, मावशी अजून मदरचे ते गोठवलेले उंदीर आइस्क्रीमच्या डब्याशेजारी ठेवते का. मी म्हटलं, हो, आणि मागच्या वेळी मी तिथे होते तेव्हा बारा दिवस आइस्क्रीमला हात लावला नाही.

आता गंभीरपणे लिहिते. डेस गेला. ज्याची जनावरं तो गेला. तू तर लग्नानंतर वर्षभर त्या जनावरांच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतंस. आता त्यांच्यासाठी घर गमावून बसशील. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे, ऊन येतं, आणि इथे वादळ होत नाही, फक्त थंडी होते. घर विकून टाक म्हणत नाही. पण विचार करायला काय जातं?

वहीत ठेवायला वॅटलची सुकवलेली पिवळी फुलं पाठवते आहे. 

जपून राहा, आणि थोरल्या बहिणीचं ऐकल्याने कुणी मरत नाही हे लक्षात ठेव.

तुझी,
इमेल्डा

•

जे. एम. जे.

इनिसफेल,
६ नोव्हेंबर

ती. इमेल्डाताईस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

वॅटल पोचलं, पत्र उघडताच सुगंध आला. पण मला इथे काही सुचत नाही. मी फार गोंधळले आहे, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

कंपनीकडून ओडगर्सबाईंचं पत्र आलं. तीन गोष्टी लिहिल्या आहेत. एक, पालींचा आकडा निश्चित करावा किंवा काढून टाकावा. दोन, अजगर आणि सरडा पाळायला परवाना लागतो, तो ज्याच्या नावावर आहे अशी व्यक्ती त्या घरात राहत असेल तरच विमा देता येईल. परवाना डेसचा होता, तो त्याच्याबरोबर गेला. इथवर मी समजू शकते. तिसरी गोष्ट मात्र मी दिव्याखाली धरून पुन्हा वाचली. लिहिलं आहे की प्रस्तावावर ज्यांची आद्याक्षरं दिली आहेत ते घरातले दुसरे रहिवासी, श्री. किंवा श्रीमती जे. एम. जे., यांचं पूर्ण नाव आणि सही आलेली नाही, ती ३० तारखेच्या आत यावी.

ताई, हा जे. एम. जे. कोण? मी असलं काही लिहिलेलं नाही, शपथेवर सांगते. फॉर्म अर्धा भरून आला होता, डेसच्या जुन्या कागदांवरून. म्हणजे हे नाव डेसने कधीतरी घातलं. माझ्या घरात कोण राहतं म्हणून त्याने लिहून दिलं?

रात्रभर आठवत बसले नाही, पण सकाळी कपडे वाळत घालताना एकदम आठवलं. सिल्कवुडची साप पाळणारी जॉइस जेसप. तिच्याकडच्याच अंड्यातून मदर निघाली, डेसने पिल्लू असताना आणली. जॉइसचं मधलं नाव मॉरीन आहे. जॉइस मॉरीन जेसप.

याच्याशी जोडून एक गोष्ट सांगते, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. डेसच्या दफनाच्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती, घरात माणसंच माणसं. चर्चहून परतल्यावर जॉइस डेसच्या खोलीतून बाहेर येताना दिसली. तिची पर्स उघडी होती आणि आत पांढऱ्या कापडाची घडी होती. घडीच्या वर लाल बॉटलब्रशचं फूल होतं. वेडंवाकडं, भलत्याच जागी. मला वाटलं माझे डोळे फसले, त्या दिवशी सगळंच धूसर होतं. आता वाटतं, फसले नव्हते. माझ्या उशीचा अभ्रा त्या बाईच्या पर्समध्ये कसा गेला, याचं सरळ उत्तर मला सुचत नाही. तुला सुचतं का?

तुला पुरुषांची पारख जास्त. डेसबद्दल तुझं मत काय होतं ते खरं खरं लिही. 

तुझ्या मायेच्या भरवशावर आहे.

कार्मेल

•

बॅलरॅट,
११ नोव्हेंबर

चि. कार्मेल हीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून मलाही काही कळेना. जे. एम. जे. म्हणजे कोण याचा मी आणि क्लेअरने जेवताना खूप विचार केला. क्लेअर म्हणाली जेरेमाया असेल, डेसचा कुणी काका. मी म्हटलं, डेसचे सगळे काका पॅट्रिक होते.

जॉइस जेसपला मी एकदाच पाहिलं आहे. उन्हाने रापलेली, पुरुषी बूट घालणारी, तोंडावर बोलून मोकळी होणारी बाई. तिच्याबद्दल असं काही मनात आणू नकोस. आणि डेसबद्दल तर अजिबात नको. त्याच्या मनात काय चाललं होतं याची मला थोडीफार कल्पना आहे, त्याने मला मागच्या नाताळात एक पत्र लिहिलं होतं. पण त्या गोष्टी पत्रात लिहिण्यासारख्या नाहीत. प्रत्यक्ष भेटू तेव्हा सांगेन. तोवर कुणाला काही बोलू नकोस.

कंपनीला कळव की असा कुणी माणूस नाही, म्हणून. आणि पालींचा आकडा काढून टाक, बाई.

थंडी गेली नाही अजून, तुझी आठवण मोजे घातल्यावरही येते.

तुझी,
इमेल्डा

•

जे. एम. जे.

इनिसफेल,
१८ नोव्हेंबर

ती. इमेल्डाताईस,
नमस्कार, वि. वि.

म्हणजे तुलाही माहीत होतं. पत्रात लिहिण्यासारखं नाही असं काय असतं, ते न कळण्याइतकी मी लहान नाही.

तुझं पत्र परवा मिळालं आणि मी काल जॉइसला फोन करून बोलावलं. म्हटलं, तुझ्या वस्तू इथे आहेत त्या घेऊन जा. ती अर्ध्या तासात तिचा पिकअप घेऊन आली. हातात तोच अभ्रा होता, ताई. लपवलाही नाही. मदरला तिने त्यातच घातलं, वर गाठ मारली, फूल बाहेरच्या बाजूला. बिशपला खोक्यात, कासवाला बादलीत. मी दारात उभी राहिले आणि मदत केली नाही. तिने दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, ज्याचं त्याच्याकडे गेलेलं बरं. ती म्हणाली की मला वाटलं होतं तू ठेवशील.

मग तिच्यापुढे कंपनीचा कागद ठेवला आणि म्हटलं, इथे सही कर. तिने विचारलं, ही कसली? मी म्हटलं, तुला माहीत आहे. तिच्याकडे चष्मा नव्हता. जनावरं ताब्यात घेतल्याची सही असेल असं समजून की काय, तिने पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे परवान्याचा नंबरही लिहिला, न सांगता. जॉइस मॉरीन जेसप. अक्षर गोल आहे. मी तो कागद तसाच पोस्टात टाकला. म्हटलं, डेसने जे लिहिलं ते लिहिलं. मी खोटं करणारी कोण?

घर आता इतकं शांत आहे की पाली बोलताना ऐकू येतात. मदरच्या पेटीखालचा ऊब देणारा दिवा मी बंद केला, मग चालू केला, मग पुन्हा बंद केला. तीस वर्षं मी त्या प्राण्याला घाबरले आणि सहा महिने त्याला जेवू घातलं. तिला भूक लागली की ती मान उचलून माझ्या पावलांकडे वळते, हे तुला मी कधी लिहिलं नाही, तू हसली असतीस. आज सवयीने उंदीर वितळायला काढून ठेवला होता.

हवामान खातं म्हणतं समुद्रात हवा फिरायला लागली आहे. बरं.

लोभाचं काय ते तूच ठरव.

कार्मेल

•

बॅलरॅट,
२३ नोव्हेंबर

चि. कार्मेल,

आशीर्वाद नंतर. आधी उठ, तुझ्या हातची एखादी जुनी वही शोध, नाहीतर समोर कोरा कागद घे आणि मला पत्र लिहायला लाग. आता थांब. पानाच्या वरच्या कोपऱ्यात तू सगळ्यात आधी काय लिहिलंस?

जीझस, मेरी, जोसेफ, आपले येशू, मारिया, योसेफ. जे. एम. जे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर, शुद्धलेखन असो की गणित, नाहीतर सिस्टर बेनिग्नस वही खिडकीतून बाहेर टाकायच्या. मी ते लग्नानंतर सोडलं. तू पन्नास वर्षं लिहिते आहेस, किराण्याच्या यादीवरसुद्धा. तुझं पत्र मी तीनदा वाचलं तरी मला दिसलं नाही, कारण मी ते कधी वाचतच नाही, ते तुझ्या अक्षराचाच भाग झालं आहे. काल क्लेअरने तुझी दोन पत्रं शेजारी ठेवली आणि बोट ठेवून विचारलं, आई, हे काय आहे. मी तोंडावर हात ठेवून बसले.

कंपनीच्या फॉर्मवर वरच्या कोपऱ्यात दुसऱ्या रहिवाशाच्या आद्याक्षरांची चौकट असणार. तू फॉर्म हातात घेतलास आणि सगळ्यात आधी तिथे पवित्र कुटुंबाला बसवलंस. हा सगळा प्रकार एवढाच आहे. डेसने काहीही लिहिलं नव्हतं.

आता माझा अपराध. नाताळात डेसने मला विचारलं होतं, माझं काही बरंवाईट झालं तर कार्मेलला ही जनावरं गेलेली आवडतील का, की तिला ती माझी आठवण म्हणून हवी असतील? तू तिची बहीण, तूच सांग. मी उलट टपाली कळवलं की ती त्यांना घाबरते, फक्त तुझ्यासाठी गप्प आहे, तू गेल्यावर पहिल्या दिवशी सुटका होईल तिची. मला वाटलं मी तुला ओळखते. पत्रात लिहिण्यासारखं नव्हतं ते एवढंच. मला लाज वाटत होती, कारण तो गेल्यापासून तुझ्या पत्रांत मदरने काय खाल्लं ते असायचं. अभ्र्याचं मला ठाऊक नाही. ते जॉइसला विचार, आणि विचारण्याआधी माफी माग.

मोठ्या बहिणीला क्षमा कर. घाईत आहे, टपाल निघेल.

इमेल्डा

•

जे. एम. जे.

इनिसफेल,
२ डिसेंबर

ती. इमेल्डाताईस,
कार्मेलचा सप्रेम आणि शरमिंदा नमस्कार, वि. वि.

ती तीन अक्षरं वर लिहिताना आज हात थबकला. तरी लिहिली. त्यांचा काय दोष?

तुझं पत्र २८ तारखेला आलं. ते वाचून मी बराच वेळ जिन्यावर बसले, मग बसने सिल्कवुडला गेले. हातात भोपळ्याचे स्कोन होते, कारण माफी रिकाम्या हाताने मागायची सवय मला नाही. जॉइस अंगणात होती. मी सगळं सांगितलं, पहिल्या पानापासून. ती एवढी हसली की तिला कुंपण धरावं लागलं, आणि हसता हसता रडायला लागली, कारण तिला वाटलं होतं मी डेसच्या जनावरांना कंटाळले. डेसशी तिचं काही होतं असं मला वाटलं, हे सांगितल्यावर मात्र ती डोळे पुसून म्हणाली, "त्या माणसाने तासभर माझ्याकडे बसून तुझ्या स्कोनबद्दल बोलायचं आणि माझे कधी खायचे नाहीत."

अभ्र्याचं असं झालं. मदरच्या अंगावर किडे झाले होते तेव्हा डेस तिला जॉइसकडे दाखवायला घेऊन गेला, कपाटात पहिला हाती लागला त्या अभ्र्यात घालून. नंतर बघतो तर तुझं-माझं भरतकाम. धुऊनही वास जाईना. मला दाखवायची त्याची छाती झाली नाही, म्हणून तो तिच्याकडेच ठेवला. मग मागच्या नाताळानंतर, म्हणजे तुझं उत्तर गेल्यावर, त्याने तिला सांगून ठेवलं की माझ्या दफनाच्या दिवशी हाच अभ्रा घेऊन ये आणि गर्दीत मदरला गुपचूप ने, कार्मेलला घरात एक रात्रही भीतीने काढावी लागू नये. ती आली. खोलीत गेली. त्या दिवशी वीज नव्हती, तुला लिहिलंच होतं. चर्चला निघायच्या आधी मी मदरच्या पेटीत गरम पाण्याची पिशवी ठेवली होती, डेसच्या स्वेटरमध्ये गुंडाळून, कारण दिव्याशिवाय ती गारठली असती. मला ते केल्याचंही आठवत नव्हतं. जॉइसने ते पाहिलं, मदरला तिथेच राहू दिलं, अभ्र्याची घडी घातली आणि बाहेर आली. मला दिसली ती तेव्हा.

ताई, तू त्याला जे लिहिलंस ते त्या वेळी खरंच होतं. मला स्वतःला तरी कुठे ठाऊक होतं?

जॉइस म्हणाली जनावरं आत्ताच परत पोचवते. २९ ला सकाळी ती पिकअपमध्ये मदर, बिशप आणि कासव घेऊन दारात उभी राहिली, आणि त्याच वेळी टपालाने विमा आला. मंजूर. घरात दोन प्रौढ व्यक्ती राहतात, त्यांतल्या जॉइस मॉरीन जेसप परवानाधारक आहेत, म्हणून तीन प्राण्यांसह मंजूर. पाली त्यांनी सोडून दिल्या.

जॉइस म्हणाली, देवाची कृपा, आता गप्प बस. तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी ओडगर्सबाईंना फोन लावला. सांगितलं की चूक झाली, जे. एम. जे. म्हणजे येशू, मारिया आणि योसेफ. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, या तिघांचंही वास्तव्य त्याच घरात आहे का? मी म्हटलं, तशी आमची श्रद्धा आहे, पण सह्या मिळणं कठीण. त्या बाई वाईट नाहीत. म्हणाल्या, मिसेस गेराटी, मला फक्त एक सांगा, जेसपबाई तुमच्याकडे राहतात की नाही. राहत नसतील तर हा विमा रद्द, नवा फॉर्म भरा. पण समुद्रातल्या वादळाला नाव पडलं की आम्ही तुमच्या भागातले नवे फॉर्म घेत नाही, आणि नाव आजउद्या पडेल.

खिडकीतून जॉइस दिसत होती, गळ्यात अभ्रा, अभ्र्यात मदर. ती ओठांनी सांगत होती, हो म्हण, हो म्हण. मला ते म्हणता येईना. ओडगर्सबाईंना म्हटलं, एक मिनिट थांबा, आणि फोन टेबलावर ठेवून जिना उतरून खाली गेले.

"जॉइस, राहतेस का?"

"कुठे?"

"इथे. माझ्याकडे."

"किती दिवस?"

"मी खोटी ठरणार नाही इतके दिवस."

तिने मदरला खांद्यावरून जरा वर सरकवलं आणि म्हणाली की तिचं घर ओढ्याकाठी आहे, प्रत्येक पुरात गुडघाभर पाणी येतं, आणि गेली नऊ वर्षं ती एकटी जेवते. मग म्हणाली, "हो. पण स्कोन मी करणार नाही." मी वर आले आणि फोनमध्ये सांगितलं, राहतात. ओडगर्सबाई म्हणाल्या, ठीक. माझ्या आयुष्यात एवढं खरं वाक्य मी क्वचित बोलले असेन.

तुझी मागची खोली रिकामीच राहील बहुतेक. रागावू नकोस. हिवाळ्यात आम्ही दोघी येऊ, पण मदरला थंडी सोसत नाही, तेव्हा क्लेअरला सांग एक दिवा आणून ठेवायला.

सकाळी वादळाला नाव पडलं. खिडक्यांवर फळ्या ठोकून झाल्या, जॉइसने ठोकल्या, मी खिळे धरले. ती आता डेसच्या खोलीत मदरशी बोलते आहे आणि मी हे घाईने लिहिते आहे, टपालगाडी दुपारनंतर येणार नाही.

तुझ्या लोभात आता दोघींचा वाटा आहे. तो पुरवून वाढ.

तुझी,
कार्मेल

ता. क. वादळात काही झालंच तर: घर जॉइसने हवं तितके दिवस वापरावं, मग क्लेअरचं. मदर जॉइसची, पण डेसचा स्वेटर पेटीतून काढायचा नाही. बिशपला पाद्री साहेबांकडे द्यायचं, त्यांचं आपसांत जुनं खातं आहे, आणि सोबत बुटाच्या नाड्यांची एक जोडी. कासव तुला. ते आपल्या दोघींहून जास्त जगेल, तेव्हा पुढे कुणाकडे ते तू आत्ताच ठरवून ठेव. गोठवलेले उंदीर आधी पुरायचे, मगच कुणीतरी आइस्क्रीमचा डबा उघडायचा. साधा अभ्रा तुझा, कपाटात वरच्या फळीवर आहे. फुलाचा जॉइसला, तुझ्या रक्ताच्या थेंबासकट. पाली कुणाच्याच नाहीत, त्या घराबरोबर जातील. आणि पानाचा वरचा कोपरा ज्यांचा आहे त्यांचाच राहू दे.